टेक्स्टाइलच्या पाटीपासून सुरुवात: लॅटिन उपसर्ग आणि धातू धरून इंग्रजी शब्द कसे शिकावेत

बँकेच्या परीक्षेची तयारी करत होते तेव्हा मी रोज तीस इंग्रजी शब्द पाठ करायचे. जाडजूड पुस्तक, एबीसीडीने लावलेली यादी, डावीकडे शब्द आणि उजवीकडे मराठी अर्थ. 'सी'पर्यंत पोचले की 'ए'चे शब्द पुसले गेलेले असायचे. पुन्हा मागे, पुन्हा 'ए'. सात महिने असे गेले आणि परीक्षेत बाकीचे विभाग पार पडले, इंग्रजीचा राहिला.

आमच्या गल्लीत संस्कृतचे एक निवृत्त शिक्षक राहायचे. त्यांनी माझी वही चाळली, मिटली आणि समोरच्या कारखान्याच्या पाटीकडे बोट दाखवलं. "टेक्स्टाइल म्हणजे काय गं?"

"कापड."

"आणि टेक्स्ट?"

"मजकूर."

"मग कापडाला आणि मजकुराला एकच नाव कसं पडलं?"

लॅटिनमध्ये 'टेक्सेरे' म्हणजे विणणे. सुताने विणलं ते टेक्स्टाइल, शब्दांनी विणला तो टेक्स्ट. सोबत विणलेलं ते कॉन्टेक्स्ट, म्हणजे संदर्भ. समोर विणून धरलेला पडदा तो प्रीटेक्स्ट, म्हणजे बहाणा. विणीचा पोत तो टेक्स्चर. माझं बालपण सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागांच्या आवाजात गेलं. अण्णा रात्रपाळी करून यायचे तेव्हा त्यांच्या केसांत कापसाची तूस असायची. दिवसातून दहा पाट्यांवर 'टेक्स्टाइल' वाचत मोठी झाले आणि त्या शब्दात माग आहे हे मला बाविसाव्या वर्षी कळलं. त्या संध्याकाळी पाच शब्द शिकले, ते आजवर विसरले नाही.

मराठी माध्यमातून शिकून आता बँक, एमपीएससी, नर्सिंग किंवा इंजिनिअरिंगच्या इंग्रजीसमोर अडखळणाऱ्यांसाठी हे लिहीत आहे. मी ज्या क्रमाने शिकले आणि आता संध्याकाळी गल्लीतल्या मुलामुलींना शिकवते, तोच क्रम इथे ठेवला आहे.

काय काय लागेल

- दोनशे पानी एक वही. एका धातूला एक पूर्ण पान द्यायचं, काटकसर करायची नाही.
- पेन्सिल आणि खोडरबर. अंदाज आधी लिहायचा आहे आणि तो बऱ्याचदा खोडावा लागतो.
- एक बऱ्यापैकी इंग्रजी-मराठी शब्दकोश. विकत घेणं जमत नसेल तर वाचनालयात बसा. आपल्याकडे सोलापुरात हिराचंद नेमचंद वाचनालयासारखी जागा आहे, तिचा उपयोग करा.
- मोबाईलवर 'एटिमऑनलाइन' ही वेबसाइट. इंग्रजी शब्द कुठून आला, त्याचे तुकडे कोणते, हे तिथे फुकट बघता येतं.
- दहावीचं मराठी व्याकरण. उपसर्ग, संधी आणि तत्सम-तद्भव ही तीन प्रकरणं पुन्हा वाचून काढा. हे पुस्तक या यादीत बघून मुलं चकित होतात, पण सगळ्यात जास्त काम तेच करतं.
- रोज चाळीस मिनिटं. रविवारी चार तास बसून आठवडाभर सुट्टी, असं चालत नाही.

१. इंग्रजीआधी मराठीतला 'हार' सोडवा

पहिल्या दिवशी इंग्रजीला हातही लावू नका. वहीत लिहा: आहार, विहार, प्रहार, संहार, उपहार, परिहार. मुळात एकच 'हृ' धातू, पुढचा उपसर्ग बदलला की जेवणाचा घाव होतो आणि घावाचा फराळ होतो. मग 'योग' घ्या: उपयोग, प्रयोग, वियोग, संयोग, उद्योग. हे शब्द कुणी आपल्याकडून यादी करून पाठ करून घेतले नव्हते. 'वियोग' पहिल्यांदा ऐकला तेव्हा 'वि' आणि 'योग' यांवरून थोडा उमगला, थोडा वाक्यावरून कळला. इंग्रजीत हेच करायचं आहे.

आता गंमत बघा. हाच 'युज्' म्हणजे जोडणे, आणि लॅटिनमध्ये त्याचा भाऊ 'युंगेरे'. त्याच्यातून जंक्शन आलं. कुर्डुवाडी जंक्शन म्हणजे जिथे रूळ जोडले जातात ती जागा. कंजंक्शन म्हणजे संयोग, तुकड्याला तुकडा जुळतो. बैलाच्या मानेवरचं जू आणि इंग्रजीतला 'योक' हेही त्याच घरातले.

घरी तेलुगू किंवा कन्नड बोलत असाल तरी अडचण नाही. त्या भाषांचं कूळ वेगळं असलं तरी उपयोग, प्रयोग हे शब्द तिथेही आहेतच. (आपला माग कन्नडमध्ये 'मग्ग' आणि तेलुगूत 'मग्गम'. सोलापूरच्या एकाच गल्लीत हे तिन्ही ऐकू येतात.) घरी उर्दू असेल तर किताब, कातिब, मकतब हे तीन शब्द शेजारी ठेवा. लिहिण्याचं एकच मूळ तिथे वेगवेगळ्या साच्यांत बसलेलं दिसेल. शब्द उघडून बघायची सवय प्रत्येक घरात आहे, फक्त ती इंग्रजीकडे वळवायची आहे.

२. कोणत्या शब्दांना ही किल्ली लागते ते ओळखा

मराठीत पाणी आणि जल, आग आणि अग्नी, घर आणि गृह असे दोन थर आहेत. जोडीतला पहिला शब्द घरातला, दुसरा पुस्तकातला. इंग्रजीतही तसंच. इ.स. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि दरबारात, कोर्टात फ्रेंच आली. फ्रेंच ही लॅटिनची लेक. पुढे विद्वानांनी थेट लॅटिनमधूनही शब्द उचलले. म्हणून आज इंग्रजी शब्दकोशातले निम्म्याहून जास्त शब्द लॅटिन किंवा फ्रेंच वाटेने आलेले आहेत.

पण ईट, गो, वॉटर, हाऊस, मदर हे रोजचे शब्द जुन्या इंग्रजीचे. त्यांना ही किल्ली लागत नाही. 'गेट अप', 'पुट ऑफ', 'लुक आफ्टर' अशा जोड्यांनाही लागत नाही. त्या वाक्यांतूनच शिकायच्या. किल्ली लागते ती लांब, पुस्तकी, परीक्षेत येणाऱ्या शब्दांना, आणि आपल्याला भीती त्यांचीच असते.

३. पंधरा उपसर्ग, एक आठवडा

शंभर उपसर्गांच्या याद्या मिळतील. घेऊ नका. हे पंधरा पुरतात:

- री: पुन्हा, मागे
- प्री: आधी (प्रीपेड)
- पोस्ट: नंतर (पोस्टपेड, पोस्टमॉर्टेम)
- सब: खाली, आपला 'उप'
- सुपर: वर, आपला 'उपरि'
- इंटर: मध्ये, आपला 'अंतर्'
- प्रो: पुढे, आपला 'प्र'
- कॉन: एकत्र, कामाने आपला 'सम्'
- एक्स: बाहेर
- इन: आत
- इन: नाही, आपला 'अ' किंवा 'अन्'
- ट्रान्स: पलीकडे
- डी: खाली, दूर
- डिस: वेगळं, उलट
- अॅड: कडे

प्रत्येकासमोर मराठी उपसर्ग लिहा, जिथे सापडेल तिथे. सब आणि उप, इंटर आणि अंतर्, प्रो आणि प्र हे नुसते अर्थाने सारखे नाहीत, ते खरोखरच एका मुळाचे आहेत. प्रोग्रेस म्हणजे प्रगती: प्रो म्हणजे प्र, आणि 'ग्रेस'मागे पाऊल टाकणं. प्रोजेक्टर म्हणजे प्रक्षेपक: पुढे फेकणारा. इंटरनॅशनल म्हणजे आंतरराष्ट्रीय. पीएसआयची तयारी करणाऱ्यांनी तर सबइन्स्पेक्टर आणि उपनिरीक्षक हे दोन शब्द वरखाली लिहून बघावेत. 'उप'खाली 'सब' येतो आणि बघण्याखाली बघणं.

४. एक पान, एक धातू

इथेच सगळ्यात जास्त वेळ द्या. पानाच्या मधोमध धातू लिहायचा आणि चहूबाजूंनी उपसर्ग लावत जायचं.

सुरुवात 'ट्रॅक्ट'पासून करा, कारण ट्रॅक्टर सगळ्यांनी पाहिलाय. लॅटिन 'त्राहेरे' म्हणजे ओढणे, ट्रॅक्टर म्हणजे ओढणारा. अॅट्रॅक्ट म्हणजे आपल्याकडे ओढणे. एक्स्ट्रॅक्ट म्हणजे बाहेर ओढणे, उसातून रस काढतात तसं. डिस्ट्रॅक्ट म्हणजे लक्ष भलतीकडे ओढणे. सबट्रॅक्ट म्हणजे खालून ओढून घेणे, वजा करणे. कॉन्ट्रॅक्ट म्हणजे दोघांना एकत्र ओढून आणणे, करार. करडखेल असो की करमाळा, शेतातून आलेल्या मुलाला हे पान एका बैठकीत पाठ होतं.

दुसऱ्या दिवशी 'पोर्ट', म्हणजे वाहून नेणे. टॉवेल बाहेरदेशी पाठवणाऱ्या आपल्या गावाला 'एक्स्पोर्ट' समजावून सांगायला नको. इम्पोर्ट आत, ट्रान्सपोर्ट पलीकडे, डिपोर्ट हाकलून दूर. रिपोर्ट म्हणजे परत आणलेली खबर. सपोर्ट म्हणजे खालून ओझं उचलून धरणे. पोर्टर म्हणजे स्टेशनवरचा हमाल.

तिसऱ्या दिवशी 'स्पेक्ट', म्हणजे बघणे. हे पान मला सगळ्यांत आवडतं, कारण आपल्याकडे याला जोडीदार आहे: 'ईक्ष्'. अपेक्षा, उपेक्षा, परीक्षा, समीक्षा, प्रतीक्षा, निरीक्षण या सगळ्यांत बघणं लपलंय. परीक्षा म्हणजे सगळ्या बाजूंनी बघणं. तिकडे एक्स्पेक्ट म्हणजे बाहेर नजर लावून बसणं, वाट बघणं. इकडे अपेक्षेतही नजर लावणंच आहे. इन्स्पेक्ट म्हणजे आत डोकावणं, रिस्पेक्ट म्हणजे वळून बघणं आणि त्यातून आदर, प्रॉस्पेक्ट म्हणजे पुढचं दिसणं, स्पेक्टेटर म्हणजे प्रेक्षक. प्रेक्षकातही 'प्र' आणि 'ईक्ष्' आहेतच. मराठीतला 'स्पष्ट' हा शब्द ज्या 'स्पश्' धातूतून आला, तो तर 'स्पेक्ट'चा सख्खा नातेवाईक. स्पष्ट म्हणजे नीट दिसलेलं.

चौथ्या दिवशी 'टेंड', ताणणे. मागावरचा ताणा, डोक्यातला ताण, तंतू आणि इंग्रजीतलं टेन्शन हे एकाच मुळातले. अटेन्शन म्हणजे मन एखाद्या गोष्टीकडे ताणणं, एक्स्टेंड म्हणजे बाहेर ताणून वाढवणं.

पुढचे धातू याच पद्धतीने स्वतः करा: स्क्राइब-स्क्रिप्ट लिहिणे, डिक्ट बोलणे, ड्यूस-डक्ट नेणे, मिट-मिशन पाठवणे, व्हर्ट-व्हर्स वळवणे (घरातला इन्व्हर्टर इथला), जेक्ट फेकणे, सीव्ह-सेप्ट घेणे, रप्ट फोडणे, स्ट्रक्ट रचणे, व्होक हाक मारणे, व्हिड-व्हिज बघणे, पोज ठेवणे, टेन धरणे. रोज एकच. चाळीस धातू झाले की वर्तमानपत्रातल्या अग्रलेखात तुम्हाला ओळखीचे चेहरे दिसू लागतील.

५. स्पेलिंगचं कोडं संधीने सुटतं

'इलीगल'मध्ये दोन 'एल' का? 'इर्रेग्युलर'मध्ये दोन 'आर' का? हे मी वर्षानुवर्षं घोकत होते. सरांनी विचारलं, "जगत् आणि नाथ मिळून काय होतं?" जगन्नाथ. आपल्या चार हुतात्म्यांपैकी एक जगन्नाथ शिंदे, हे नाव सोलापुरात शाळेपासून कानावर पडतं. 'त्' पुढच्या 'न'सारखा झाला. उत् आणि लास मिळून उल्लास, सत् आणि जन मिळून सज्जन. व्यंजनसंधी.

लॅटिनमध्येही हेच घडतं. 'इन'चा 'एन' पुढच्या अक्षरासारखा किंवा त्याला जुळता होतो: लीगलपुढे 'इल', रेग्युलरपुढे 'इर', पॉसिबलपुढे 'इम'. 'कॉन' बदलून कलेक्ट, कमिटी, करेक्ट होतात. 'सब' बदलून सपोर्ट, सक्सीड, सफर (सोसणे) होतात. 'अॅड' तर इतकी रूपं घेतो की ओळखू येत नाही: अॅक्सेप्ट, अफेक्ट, अपॉइंट, अरेस्ट, असिस्ट. नियम लक्षात ठेवा: शब्दाच्या सुरुवातीलाच एकच अक्षर दोनदा आलं, तर बहुतेक वेळा तिथे संधी झालेली असते.

त्यामुळे नेहमी चुकणारी स्पेलिंग्ज सुटतात. 'अकॉमोडेट'मध्ये दोन 'सी' आणि दोन 'एम', कारण 'अॅड' आणि 'कॉम' असे दोन उपसर्ग ओळीने बसलेत. 'डिसअपॉइंट'मध्ये एकच 'एस', कारण 'डिस'चा तेवढा आणि 'अपॉइंट' 'ए'ने सुरू होतो. 'डिससॅटिस्फाइड'मध्ये लागोपाठ दोन 'एस', एक 'डिस'चा आणि एक 'सॅटिस्फाइड'च्या सुरुवातीचा. तुकडे पाडले की मोजायला सोपं जातं.

६. आधी अंदाज, मग कोश, मग वाक्य

नवा शब्द दिसला की लगेच मोबाईल उचलू नका. पेन्सिलीने तुकडे करा, अंदाज लिहा. मग कोश बघा. मग ज्या वाक्यात शब्द भेटला ते वाक्य खाली उतरवा. तिसरी पायरी मुलं गाळतात आणि तिथेच घोटाळा होतो.

कारण हे ऐका. 'उप' आणि 'ईक्षा' मिळून उपेक्षा, म्हणजे दुर्लक्ष. 'सब' आणि 'स्पेक्ट' मिळून सस्पेक्ट, म्हणजे संशय घेणे. तुकडे तेच, बघणं तेच, अर्थ दोन दिशांना गेले. एका भाषेला खालून बघण्यात हयगय दिसली, दुसरीला संशय. धातू तुम्हाला गल्लीपर्यंत आणून सोडतो, घराचं दार वाक्यच दाखवतं. मी एकदा मुलाखतीत नुसत्या तुकड्यांवर विसंबून 'प्रीटेंड' हा शब्द 'पुढचं ठरवणे' अशा अर्थाने वापरला. त्याचा अर्थ सोंग घेणे. समोरच्यांनी मान वर करून पाहिलं, ते मी विसरले नाही.

७. इथे पाय घसरतो

'इन' नेहमी नकार देत नाही. 'इनफ्लेमेबल' म्हणजे पेट घेणारं. न पेटणारं समजून त्याच्याजवळ काडी ओढाल तर जीव जाईल. इथे 'इन' आतला आहे, नकाराचा नाही. 'इनव्हॅल्युएबल' म्हणजेही कवडीमोल नव्हे, तर ज्याचं मोल करता येत नाही इतकं मौल्यवान.

'अँटी' आणि 'अँटे' वेगळे. अँटीबायोटिकमधला ग्रीक 'अँटी' म्हणजे विरुद्ध. घड्याळातल्या 'एएम'मधला लॅटिन 'अँटे' म्हणजे आधी: 'अँटे मेरिडिएम', मध्यान्हीच्या आधी. 'पीएम' म्हणजे 'पोस्ट मेरिडिएम', मध्यान्हीनंतर. सामान्यज्ञानाच्या पुस्तकांतही 'अँटी मेरिडियन' छापलेलं मी पाहिलंय.

'पेड' दोन आहेत. पेडल आणि पेडेस्ट्रियनमधला लॅटिन पेड म्हणजे आपला 'पाद', पाय. पीडिअॅट्रिशियन म्हणजे बालरोगतज्ज्ञ, तिथला तुकडा ग्रीक, अर्थ मूल. नर्सिंगच्या मुलींनी हे आधी पक्कं करावं. चिठ्ठीवर डॉक्टर लिहितात ते 'बीडी' म्हणजे लॅटिन 'बिस इन डिए', दिवसातून दोनदा, आणि 'टीडीएस'मधला 'टेर' म्हणजे तीनदा. द्वि, त्रि आणि दिवस शेजारी ठेवले की विसरायला होत नाही.

दिसतो तो प्रत्येक उपसर्ग खरा नसतो. 'अंकल'मध्ये नकाराचा 'अन' नाही, 'रेडी'मध्ये 'री' नाही. पोस्टमनमधला 'पोस्ट' नंतरचा नव्हे, तो 'ठेवणे' या धातूचा.

काही शब्द मूळ सोडून दूर गेलेत. 'मॅन्युफॅक्चर'चे तुकडे सांगतात हाताने केलेलं: 'मानुस' म्हणजे हात. ते हातमागाला शोभतं, पण आज हा शब्द यंत्रांच्या कारखान्याला लागतो. मूळ आठवणीसाठी ठेवा, आजचा अर्थ कोशातून घ्या.

आणि शेवटचा सापळा मोबाईलवरचा. सप्टेंबर हा 'सप्त अंबर'पासून आणि डिसेंबर हा 'दश अंबर'पासून आला, असे मेसेज फिरतात. ते पुढे पाठवू नका. सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये लॅटिनचे सात, आठ, नऊ, दहा आहेत, कारण रोमचं जुनं वर्ष मार्चपासून मोजलं जायचं. ते आकडे आपल्या सप्त, अष्ट, नव, दशसारखे आहेत कारण दोन्ही भाषा बहिणी आहेत, एक दुसरीची लेक नाही. २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्यात एशियाटिक सोसायटीसमोर विल्यम जोन्स यांनी हेच मांडलं: संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एखाद्या समान उगमातून आल्या असाव्यात आणि तो उगम कदाचित आता उरलेला नाही.

८. उजळणी रस्त्यावर करा

वही घरी राहते, पाट्या रोज समोर येतात. सात रस्त्यावरून नवी पेठेकडे जाताना वाचत चला. 'प्रोव्हिजन स्टोअर्स': प्रो आणि व्हिड, पुढचं बघून ठेवणं, म्हणजे तरतूद. 'रिपेअर': पुन्हा सज्ज करणं. 'कन्स्ट्रक्शन': एकत्र रचणं. बोअरच्या दुकानावर 'सबमर्सिबल': खाली बुडणारा पंप. 'सुपरव्हायझर पाहिजे' असा कागद चिकटवलेला दिसला तर वरून बघणारा, पर्यवेक्षक.

न कळलेला शब्द मोबाईलमध्ये टिपून घ्या आणि रात्री त्याचं पान उघडा. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलीने परवा 'डिस्ट्रिब्युटर' आणला होता. तिने 'डिस' आणि 'ट्रिब्यूट' असे तुकडे पाडले, 'वाटून देणारा' असा अंदाज लिहिला आणि कोश उघडायच्या आधीच विचारलं, "ताई, मग काँट्रिब्यूट म्हणजे सगळ्यांनी मिळून देणं ना? वर्गणी?"

ते पान आम्ही त्या रात्री सुरू केलं. त्यावर अजून जागा आहे.